सातवा रकाना

सांता एंग्रासिया हॉस्पिटल
बारीरान, इलोइलो
४ फेब्रुवारी २०१२

मिस रोडालिन फानोगा यांस,

तुझ्या दोन वर्षांच्या अनुभवाची किंमत तू छत्तीस हजार पेसो लावली आहेस. दरमहा दीड हजार ट्रेनिंग फी, महिने चोवीस. गुणाकार बरोबर आहे. तुझ्या बापाला बेरीजही जमायची नाही, तेव्हा ही अक्कल आईकडची. पण खर्च एकाच बाजूने होत नसतो. माझी बाजू ऐक. हातमोजे: बाकीच्या पोरी एका रोग्याला एक जोड वापरायच्या, तू दोन. थर्मामीटर तीन. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा, जो तू फाडलास असं मी म्हणतो आणि तो आधीच फाटका होता असं तू म्हणतेस. दुपारचा भात दोन वर्षं. मी तो कधी मोजला नाही, भात मोजणारा माणूस मी नव्हे. पण आपली स्वयंपाकीण मोजायची आणि तू दोनदा घ्यायचीस असं ती शपथेवर सांगते. आणि सगळ्यात महागाची वस्तू म्हणजे माएस्त्रो एपिफानियोच्या खुब्याचं हाड. ते पैसे कोणी भरले? मी. छत्तीस हजारांत तू स्वस्तात सुटलीस, बाई.

तुझ्या त्या मेंढ्यांच्या देशातल्या नर्सिंग परिषदेचा फॉर्म मिळाला. लिफाफा जाड आहे, कागद गुळगुळीत आहे. आपल्या कागदांसारखा पाठीमागून शाई दाखवत नाही.

तिथे एका वृद्धाश्रमात तू म्हाताऱ्यांना आंघोळ घालतेस हे मला बाजारात कळलं. नर्स व्हायचं तर तिथलं लायसन्स हवं. लायसन्सला दोन वर्षांचा वॉर्डातला अनुभव हवा. आणि त्या अनुभवाची खात्री हॉस्पिटलने थेट परिषदेला कळवायला हवी, अर्जदाराच्या हातून आलेला कागद चालत नाही. परिषद शहाणी आहे. तुझ्या हातून आलेला कागद मीही घेतला नसता.

आता सातवा रकाना. 'पद.' तिथे 'स्टाफ नर्स' लिहावं अशी तुझी विनंती आहे. विनंती म्हणायचं, वाचताना ती हुकमासारखी वाटली. पण आपल्या करारात काय लिहिलंय? 'व्हॉलंटियर.' खाली सही कोणाची? तुझी. मी खोटं लिहीत नाही. व्हॉलंटियर होतीस, व्हॉलंटियरच लिहीन. आणि व्हॉलंटियरचा अनुभव त्यांच्या लेखी अनुभवच नसेल, तर ते दुःख मेंढ्यांना सांग.

एक लक्षात ठेव. रियाधपासून लंडनपर्यंत एकेचाळीस नर्सा माझ्या सहीवर गेल्या आहेत. एकेचाळीस! प्रत्येकीच्या नावाचा बॅनर हॉस्पिटलच्या फाटकावर लागला, एका कोपऱ्यात माझा फोटो. इलोइलो शहरातल्या चारशे खाटांच्या हॉस्पिटलांनाही जे जमलं नाही ते पंचवीस खाटांत मी केलं. माझी सही म्हणजे विमानाचं तिकीट, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत.

फॉर्म माझ्या खणात आहे. किल्ली माझ्या कमरेला.

दामासो फामातिद
मालक व संचालक

ता. क. ईमेल मलाही येतो. पण भांडण कागदावर बरं. मशीनवर शिव्या देताना चुकून भलत्यालाच जातात. मागे बिशपना गेली होती.


२७ फेब्रुवारी २०१२

रोडालिन,

चार ओळी, त्याही टाइप केलेल्या. वर 'माननीय व्यवस्थापक.' अगं, तुला फादरनी पाण्यात बुडवलं तेव्हा मेणबत्ती धरून कोण उभा होता? तुझा बाप रोदोल्फो आणि आई लिना, दोघांची नावं जोडून 'रोडालिन' कर असं कोण म्हणालं? तुझा बाप तर तुला 'डोल्फिना' करायला निघाला होता! त्या माशापासून तुला वाचवणारा तुझा निनोंग, तुझा धर्मपिता, आज 'व्यवस्थापक' झाला.

तू लिहितेस, 'जे खरं आहे तेवढंच लिहा.' बरं. खरं काढू या.

मे २००९. माएस्त्रो एपिफानियो, निम्म्या गावाला पाढे शिकवलेला माणूस, खाट क्रमांक नऊवरून पडला. ड्यूटीवर तू. त्याचे तीन मुलगे आणि एक वकील जावई लॉबीत उभे. मला त्या क्षणी काय करायला हवं होतं? मी म्हणालो, "ही आमची स्टाफ नाही. व्हॉलंटियर आहे. शिकाऊ." त्यात खोटं काय? आणि त्यामुळे जावई तुझ्यावर खटला घालू शकला नाही, हेही बघ. व्हॉलंटियरवर खटला घालून मिळणार काय?

दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरून निघालीस. मी लॉबीत हात पुढे केला. मोठ्यांचा हात कपाळाला लावून बिसा घेतल्याशिवाय आपल्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही; दारुडासुद्धा घेतो. आणि तू, औषधवाल्यासमोर, झाडूवाल्यासमोर, दोन बाळंतिणींसमोर म्हणालीस, "व्हॉलंटियर बिसा घेत नाहीत, सर. ते घरच्या माणसांचं काम."

माझा हात तसाच राहिला. तो मागे कसा घ्यायचा ते मला कळेना. शेवटी खांबावरची पाल झटकल्यासारखं केलं. पाल नव्हती. सगळ्यांनी पाहिलं.

तीन वर्षं झाली. अजूनही जीपनीत बसलो की मागच्या बाकावर कोणीतरी हळूच म्हणतं, "पाल कुठाय?" माझे कान तिखट आहेत हे या गावाला अजून कळलेलं नाही.

आणि सारखं 'कठडा, कठडा' काय लावलं आहेस? खाटेचा कठडा निखळलेला होता असं मला कोणी कळवलं नव्हतं. कागदावर तर नाहीच.

तू फुकट राबलीस म्हणतेस. मला कोणी पगार दिला होता? वयाच्या बाराव्या वर्षी डोक्यावरून बर्फाच्या लाद्या वाहिल्या. मग तीन वर्षं शवपेट्यांच्या सुताराकडे दोन वेळच्या भातावर रंधा मारला. त्या सुताराचं दुकान पुढे मीच घेतलं. शवपेट्यांतून हे हॉस्पिटल उभं राहिलं. 'फामातिदकडे गिऱ्हाईक सहसा वाया जात नाही, या दारातून सुटलं तर त्या दारात सापडतं,' असं लोक हसून म्हणतात. मीही हसतो. पण शिकताना पैसे मागायचे नसतात, हे मी त्या भुश्यात शिकलो.

माझी अट साधी आहे. हाताने पत्र लिही. वर 'निनोंग' लिही. त्या दिवसाची माफी माग. मग सातव्या रकान्यात 'प्रशिक्षणार्थी नर्स' लिहिता येईल का ते बघतो. बघतो म्हणालो, लिहितो म्हणालो नाही.

दामासो फामातिद


२४ मार्च २०१२

बाईसाहेब,

तुझा लिफाफा आला. आत पत्र नाही. माफी नाही. एकच फोटो, मोठा करून कागदावर छापलेला.

माझ्याच हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला. २००८ सालची नर्सांची यादी, आरोग्य खात्याच्या तपासणीसाठी केलेली. त्यावर तपासनीसाने लाल शाईत 'उत्तम' लिहिलं होतं, म्हणून मी ती काचेत बसवून टांगली. चार वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवतोय. त्यात पाचव्या क्रमांकावर 'रोडालिन फानोगा, स्टाफ नर्स.' खाली माझी सही, चांगली लांबलचक.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी हेड नर्सला आत बोलावलं. कॉन्सोर्सियाला तू ओळखतेसच. एकवीस वर्षं माझ्याकडे आहे आणि एकदाही घाईने चाललेली मी पाहिली नाही.

"हे भिंतीवरून कोणी काढलं?"

"कोणी काढलं नाही, सर. अजून तिथेच आहे. फोटो घ्यायला भिंत पाडावी लागत नाही."

"मोबाइल कोणाचा?"

"हल्ली सगळ्यांकडेच असतो."

"ही पोरगी मला ब्लॅकमेल करतेय, कॉन्सोर्सिया."

"पत्रात काय लिहिलंय?"

"पत्रच नाही. नुसता हा कागद."

"मग ती काहीच म्हणत नाहीये. कागद बोलतोय," असं म्हणून तिने चष्मा पुसला, "आणि सही तुमची आहे."

"तुला काढून टाकीन."

"बरं. दुपारच्या ड्यूटीनंतर काढा. आज खाट चौदाला रक्त चढवायचंय."

तू काय केलं आहेस ते तुला पुरतं ठाऊक आहे. 'व्हॉलंटियर' लिहिलं तर आरोग्य खात्याला दिलेली यादी खोटी ठरते. पंचवीस खाटांना अकरा नर्सा लागतात आणि पगारावर माझ्याकडे चार होत्या. 'स्टाफ नर्स' लिहिलं तर उद्या श्रम खातं विचारणार, स्टाफ होती तर पगार कुठे आहे, आणि उलट तिच्याकडूनच दीड हजार कसे घेत होता? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तू, मेंढ्यांच्या देशात बसून काठावरून बघणारी.

म्हटलं, तुझ्या आईला भेटावं. पोरगी ऐकत नाही तर निदान आईला लाज असेल. बाजारात गेलो. लिना सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे बसली होती, हातात माश्या वारायची काठी. तुझ्या बाप्तिस्म्यापासून मी तिला कुमारे म्हणतो, ती मला कुम्पारे.

"कुमारे," मी म्हणालो, "तुझ्या मुलीला आवर."

"ती तिकडे, मी इकडे. काठी पोचत नाही. किती देऊ?"

"अर्धा किलो. ती माझं हॉस्पिटल बंद पाडायला निघाली आहे."

"मग लोक बरे व्हायला लागतील, कुम्पारे."

शेजारची भाजीवाली खिदळली. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने भोपळ्याच्या पानांत तोंड लपवलं.

"मी तिला शिकवलं," मी म्हणालो. "दोन वर्षं हाताखाली घेतलं."

"घेतलंस खरं. आणि वर दीड हजारही घेतलेस." तिने मासे तराजूत टाकले. "ऐक, कुम्पारे. जूनअखेर तिचा व्हिसा संपतो. त्या आश्रमवाल्यांनी नर्सची एक जागा तिच्यासाठी अडवून ठेवलीय. लायसन्स नाही तर जागा नाही, जागा नाही तर व्हिसा नाही. चार वर्षं कॉलेज, दोन वर्षं तुझ्याकडे, तीन वर्षं म्हाताऱ्यांच्या पाठी घासणं. आणि मग परत इथे. येऊन काय करायचं तिने?"

"मी ठेवून घेईन."

"पगारावर?"

मी पैसे काढले.

"बोल ना. पगारावर?"

"कुमारे, लोक बघताहेत."

"बघू दे. तिला 'शिकाऊ' म्हणालास तेव्हाही बघतच होते." तिने पुडी बांधली, माझ्या हातात दिली आणि वर एक मासा जास्तीचा ठेवला. "हा फुकट. व्हॉलंटियर आहे."

अख्खी रांग हसली. कोळंबीवाला तर बसूनच हसला. मी गावातल्या निम्म्या माणसांना जन्मताना पाहिलं, उरलेल्यांना पुरताना. माझ्यावर असं कोणी हसलं नव्हतं.

तो मासा मी कुत्र्याला घातला. फॉर्म अजून खणातच आहे. तू कितीही फोटो पाठव. मी घाबरत नाही.

फामातिद


१३ एप्रिल २०१२

इंदाय,

हा शब्द सवयीने पडला, त्याचा भलता अर्थ काढू नकोस. इथे कुठल्याही पोरीला इंदायच म्हणतात.

मंगळवारी तपासणी झाली. याही वर्षी 'उत्तम.' तपासनीसाला बाचोय सूपचा मोठा वाडगा दिला, वर कडक तळलेली डुकराची साल जास्त घातली, आणि तो सहीला तयार झाला. नवी यादी टांगली. जुनी काढली, का ते तुला माहीत आहे.

माझ्या खोलीच्या आणि चहाच्या खोलीच्या मधे प्लायवुडची भिंत आहे. तुम्हा पोरींना वाटायचं, पलीकडे म्हातारा झोपलाय. म्हातारा कधीच झोपलेला नसायचा. तपासनीस गेल्यावर तीन नव्या व्हॉलंटियर पोरी तिथे शिरल्या. एक फोनवर तिच्या आईशी बोलत होती.

"हो मा, आज मी स्टाफ नर्स आहे. ... नाही, पगार नाही. ... अगं, पाचपर्यंतच! पाचनंतर परत व्हॉलंटियर."

बाकीच्या दोघी हसून लोळल्या. मग एकीने घसा खाकरला, अगदी माझ्यासारखा, तो शेवटचा 'हंऽऽ' सुद्धा, आणि म्हणाली, "पोरींनो! मला कोणी पगार दिला होता? भुसा खाल्ला मी, भुसा!"

"सुतार जेवायला घालायचा ना, सर?" दुसरी म्हणाली.

"भुश्याबरोबर तोंडी लावायला!"

नक्कल चांगली होती. मलाच क्षणभर वाटलं, मी तिकडे कधी गेलो.

मी उठून दार उघडणार होतो. उघडलं नाही. उघडून काय बोलणार होतो? पहिलं वाक्य तेच आलं असतं.

संध्याकाळी कॉन्सोर्सिया आली. टेबलावर एक वही ठेवली आणि न बसता गेली. वॉर्डाची वही, २००९ सालची. मी ती जाळायला सांगितली होती. एकवीस वर्षांत या बाईने माझं एवढं एकच ऐकलं नाही, की कधीच काही ऐकलं नव्हतं, हे मला आता सांगता येणार नाही.

तुझं अक्षर. ११ मार्च: 'खाट नऊ, डावा कठडा निखळला आहे.' २ एप्रिल: 'खाट नऊ, कठडा अजून तसाच. दोरीने बांधला आहे.' २८ एप्रिल: 'खाट नऊ. कृपया. दोरी टिकत नाही. एकोणीस रुग्णांना मी एकटी आहे.' आणि त्याखाली निळ्या शाईत: 'पाहिलं. पुढच्या महिन्यात.' ते अक्षर माझं आहे.

फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की कागदावर मला कोणी कळवलं नव्हतं. ते खोटं होतं. कठडा तुटलेला होता आणि मला माहीत होतं. त्या महिन्यात मी फाटकाला रंग लावून घेत होतो. हे लिहून दिलं, आता नाचू नकोस. माझ्या वकिलाला हे पत्र दिसलं तर तो मलाच शवपेटीत घालील.

तू माफी मागितली नाहीस. मागणार नाहीस, ते कळलं. मीही मागत नाहीये. हा व्यवहार आहे. तू दोन वर्षं नर्सचं काम केलंस. मी तुला एका कागदावर स्टाफ म्हटलं, एका कागदावर व्हॉलंटियर, आणि लॉबीत लोकांसमोर शिकाऊ. एका पोरीला तीन पदं. माझ्या दुकानात एकाच पेटीला मी तीन भाव सांगितले असते तर गिऱ्हाइकाने कानफटात दिली असती.

फॉर्म काढला. सातव्या रकान्यात 'स्टाफ नर्स' लिहिलं. तास लिहिले, वॉर्ड लिहिला, एका नर्सला रुग्ण एकोणीस हेही लिहिलं. श्रम खातं आलं तर येऊ दे. त्यांना काय सांगायचं ते मी आजपासूनच ठरवतोय आणि अजून काही सुचलेलं नाही. शेवटी नवं पेन काढून सही केली. उठावाचा शिक्का दाबला. आज कुरिअरने थेट परिषदेला रवाना.

तेव्हा तुझं ते मेंढ्यांचं भवितव्य आता माझ्या सहीवर चाललं आहे. बेचाळिसावी. तू पत्र लिही वा लिहू नकोस, हे तुला नाकारता येणार नाही. जूनअखेरच्या आत उत्तर येईल. माझी सही ते ओळखतात.

दामासो

ता. क. खाट नऊला नवा कठडा २००९ च्या जूनमध्येच लावला. माएस्त्रो वारला तो त्यामुळे नव्हे, न्यूमोनियाने; तेही दोन वर्षांनी. पेटी मी फुकट दिली. हे कोणाला माहीत नाही, जावयाला तर मुळीच नाही.


१८ जून २०१२

रोडा,

तुझं उत्तर आलं नाही. तुझा बॅनर मात्र पाहिला.

शनिवारी बाजारात गेलो. मासळीच्या रांगेवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत: 'अभिनंदन! रोडालिन फानोगा, नोंदणीकृत नर्स.' तुझा फोटो, निळ्या गणवेशात. जाडी झाली आहेस. कोपऱ्यात, जिथे माझा फोटो असतो, तिथे तुझी आई. खाली बारीक अक्षरांत 'विशेष आभार: नांग कॉन्सोर्सिया.' ती 'नांग', थोरली ताई. मी दोनदा वाचलं. मागून भाजीवाली म्हणाली, "सर, आणखी खाली काही नाहीये. बघितलंय मी."

लिनाने सगळ्यांना पानसीत वाटलं. मलाही दिलं. पानावर शेवया कमी नव्हत्या, हे कबूल करतो. मी म्हणालो, "कुमारे, माझी सही वेळेवर पोचली म्हणायची." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची आहे. दुकानात कोणी मेलेल्या माणसाच्या मापाबद्दल वाद घालू लागला की मी असाच बघतो.

आज टपालात परिषदेचा लिफाफा आला. तोच गुळगुळीत कागद. आत माझा फॉर्म परत आणि वर टाचलेली चिठ्ठी. सभ्य भाषा आहे. अर्जाचा निर्णय २ मे रोजी झाला आहे, त्यामुळे या कागदाची आवश्यकता नाही. तसंच, अनुभवाची खात्री अर्जदाराच्या कामावर देखरेख करणाऱ्या नोंदणीकृत नर्सनेच द्यायची असते; सही करणारी व्यक्ती नर्सांच्या नोंदवहीत आढळत नाही.

आढळणार कशी. मी सहावी नापास.

कॉन्सोर्सियाला बोलावलं. ती आपल्या चालीने आली.

"तू फॉर्म पाठवलास?"

"मार्चमध्ये. रोडाने परिषदेला माझं नाव कळवलं. त्यांनी दुसरा फॉर्म माझ्या घरी पाठवला."

"मला सांगितलं नाहीस!"

"तुमच्या खणातला तुम्ही मला दाखवला नाहीत, सर. मीही माझा दाखवला नाही."

"मी बाजारात, तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर एवढा तमाशा करत होतो, यादी, श्रम खातं, इकडे आड, तिकडे विहीर, तेव्हा..."

"तेव्हा फॉर्म विमानात होता."

मी खुर्चीत बसलो. विचारू नये ते विचारलं.

"सातव्या रकान्यात काय लिहिलंस?"

"नर्स."

"नुसतं नर्स? स्टाफ? व्हॉलंटियर?"

"रकाना लहान होता, सर."

ती जायला वळली, मग थांबली. म्हणाली, "त्या तिघी व्हॉलंटियर पोरींतल्या दोघी बाहेर उभ्या आहेत. नेमणुकीची पत्रं मागताहेत. तुमच्या फॉर्मची प्रत टेबलावर होती, ती त्यांनी वाचली. म्हणतात, रोडा स्टाफ तर आम्ही का नाही."

दोघींना दिली. पगार थोडा आहे पण आहे. तिसरी, ती नक्कल करणारी, पत्राची वाट न बघता गेल्या आठवड्यातच सेबूच्या हॉस्पिटलात गेली. चांगली नर्स होती.

दुपारी मी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. मी ज्यावर सह्या करत आलो ती आपली छापील प्रमाणपत्रं, सोनेरी कडेची, लाल फितीची. पोरी ती घेऊन जायच्या, आया भिंतीवर लावायच्या. परदेशातल्या परिषदांना पाठवलेल्या फॉर्मांच्या प्रती खालच्या कप्प्यात होत्या, मी कधी पाहिलेल्या नव्हत्या. आज सगळ्या काढून टेबलावर लावल्या. एकेचाळीस आहेत. देखरेख करणाऱ्या नर्सच्या ओळीवर एकेचाळीसही ठिकाणी सही कॉन्सोर्सियाची आहे.